पन्नास अब्ज डॉलरचा हिशेब

जेसी जोन्स यांचे ‘फिफ्टी बिलियन डॉलर्स’, म्हणजेच ‘पन्नास अब्ज डॉलर’, हे पुस्तक १९५१ साली प्रसिद्ध झाले. एडवर्ड अँग्ली या पत्रकाराच्या मदतीने लिहिलेले हे सहाशेहून अधिक पानांचे आत्मकथन महामंदी आणि दुसरे महायुद्ध या काळात अमेरिकी सरकारने चालवलेल्या एका प्रचंड कर्जसंस्थेची कहाणी सांगते. संस्थेचे नाव रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन. आपण तिला पुनर्रचना वित्त महामंडळ म्हणू, आणि पुढे नुसतेच महामंडळ. १९३२ ते १९४५ अशी तेरा वर्षे जोन्स या महामंडळात होते. आधी संचालक, मग अध्यक्ष, आणि पुढे सरकारच्या साऱ्या कर्जसंस्थांचे प्रमुख. त्या काळी वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्ट यांच्या खालोखाल सत्ता कोणाच्या हाती, असे विचारले तर अनेकांच्या तोंडी जोन्स यांचे नाव येई.

अर्थेतिहासात या पुस्तकाला मान आहे, आणि तो योग्यच आहे. बँका, रेल्वे, सोने, रबर, विमानांचे कारखाने या सगळ्या व्यवहारांत प्रत्यक्ष बसलेला माणूस बोलतो आहे. तरीही ते वाचताना मला एक गोष्ट सतत खटकत राहिली. महामंडळाचे यश मोजण्यासाठी जोन्स यांच्याकडे एकच माप आहे: दिलेला पैसा परत आला का, आणि व्याजासह आला का? बहुतेक आला, हे ते अभिमानाने सांगतात. माझे म्हणणे असे, की हे माप चुकीचे आहे आणि त्याचा पुरावा जोन्स यांच्याच पुस्तकात विखुरलेला आहे. महामंडळाने जेव्हा सावकारासारखा पैसा दिला, तेव्हा त्याचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो सावकाराची सवय सोडल्यावर.

कडक तारणाचे वर्ष

१९३१ या एका वर्षात अमेरिकेत दोन हजारांहून अधिक बँका बुडाल्या. तिथल्या बँका बहुतेक एका गावाच्या, एका शाखेच्या. शेतमालाचे भाव पडले की गावची बँक अडचणीत, आणि बँकेच्या दारात रांग लागली की पुढच्या गावात घबराट. फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक मदत करू शकत होती ती मुख्यतः आपल्या सभासद बँकांना, आणि तीही ठरावीक प्रकारच्या कागदांच्या तारणावर. बँकांनी आपापसांत निधी उभारून एकमेकींना सांभाळावे, हा राष्ट्राध्यक्ष हूवर यांचा प्रयोग काही आठवड्यांतच थंडावला. तेव्हा पहिल्या महायुद्धातल्या वॉर फायनान्स कॉर्पोरेशनचा नमुना पुढे ठेवून २२ जानेवारी १९३२ रोजी महामंडळाच्या कायद्यावर हूवर यांनी सही केली. सरकारी खजिन्यातून ५० कोटी डॉलर भांडवल आणि त्यावर दीड अब्ज डॉलरपर्यंत कर्ज उभारण्याची मुभा. युजीन मेयर मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स डॉज कारभाराचे प्रमुख. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने जे संचालक आले, त्यांत ह्यूस्टनचे बांधकाम व्यावसायिक, बँकर आणि वृत्तपत्राचे मालक जेसी जोन्स होते.

कायद्याने अट घातली होती, की कर्ज पूर्ण आणि पुरेशा तारणावरच द्यायचे. ऐकायला ही अट शहाणपणाची वाटते. पण बँकेच्या खतावणीत ती काय करते ते पाहावे. अडचणीतल्या बँकेकडे दोन प्रकारची मालमत्ता असते: एक, लगेच विकता येईल असे चांगले रोखे, दुसरी, पडलेल्या भावांच्या जमिनी आणि थकलेली कर्जे. महामंडळ कर्ज देताना पहिल्या प्रकारची मालमत्ता तारण म्हणून उचलून घेई. हाती आलेली रोकड रांगेतले पहिले ठेवीदार घेऊन जात. मागे उरलेल्या ठेवीदारांच्या वाट्याला दुसऱ्या प्रकारची मालमत्ता, आणि तिच्यावर महामंडळाचा नवा बोजा. बँकेचा रोग भांडवल आटण्याचा होता आणि औषध मिळत होते आणखी कर्जाचे. जोसेफ मेसन यांनी २००१ साली या मदतीचे आकडे नव्याने तपासले तेव्हा निष्कर्ष असाच निघाला: महामंडळाच्या कर्जाने बँका वाचण्याची शक्यता वाढली नाही, पुढे जे भांडवल दिले त्याने वाढली.

या पहिल्या वर्षातली दोन प्रकरणे जोन्स तपशिलाने सांगतात. पहिले शिकागोचे. जून १९३२ मध्ये डॉज यांनी महामंडळाचा राजीनामा दिला आणि ते शिकागोला आपल्या सेंट्रल रिपब्लिक बँकेत परतले. थोड्याच दिवसांत त्यांची बँक बंद पडायच्या बेताला आली. पक्षाच्या अधिवेशनासाठी जोन्स त्याच शहरात होते. बैठकीला तेही गेले आणि ही बँक बंद होऊ देऊ नका, असा आग्रह त्यांनी धरला. ९ कोटी डॉलरची मदत मंजूर झाली. जोन्स यांचा युक्तिवाद असा, की ही बँक पडली असती तर शिकागोतल्या बाकीच्याही पडल्या असत्या. तो बराचसा पटतो. पण लोकांनी पाहिले ते वेगळेच. कालपर्यंत महामंडळ चालवणाऱ्याच्या बँकेला एका फटक्यात ९ कोटी. आणि त्याच शिकागोत शिक्षकांचे पगार थकलेले. जुलैच्या नव्या कायद्याने बेकारांच्या मदतीसाठी साऱ्या राज्यांना मिळून ३० कोटी डॉलरची तरतूद झाली, तीही कर्जाऊ, आणि वर्षअखेरपर्यंत तिचा थोडाच भाग बाहेर पडला. मिसूरी पॅसिफिक रेल्वेला दिलेल्या पैशातला मोठा वाटा मॉर्गन आणि इतर बड्या बँकांचे देणे फेडण्यात गेला, तेव्हा महामंडळ नेमके कोणासाठी आहे हा प्रश्न संसदेत उभा राहणे अटळ होते.

दुसरे प्रकरण मिशिगनचे. फेब्रुवारी १९३३ मध्ये डेट्रॉइटची युनियन गार्डियन ट्रस्ट ही कंपनी अडचणीत आली. तारण पुरे पडत नव्हते. मोठे ठेवीदार हेन्री फोर्ड यांनी आपल्या ठेवीवरचा हक्क मागे ठेवला, तर गणित जुळणार होते. फोर्ड यांनी नकार दिला. मिशिगनचेच सिनेटर कझन्स यांनी पुरेशा तारणाशिवाय कर्ज देण्याला कडाडून विरोध केला. १४ फेब्रुवारीला गव्हर्नर कॉमस्टॉक यांनी राज्यातल्या सगळ्या बँका बंद ठेवण्याचा हुकूम काढला, आणि तिथून लागलेली आग तीन आठवड्यांत देशभर पसरली. ४ मार्चला रूझवेल्ट शपथ घेत होते, तेव्हा बहुतेक राज्यांत बँका बंद होत्या किंवा पैसे काढण्यावर बंधने होती. जोन्स या प्रकरणात माणसांचे हट्ट दाखवतात, आणि हट्ट होतेच. पण मुळात कायद्याच्या अटीमुळेच एका शहराच्या ठेवी एका उद्योगपतीच्या होकारावर लटकल्या, ही गोष्ट त्यांच्या कथनात मागे राहते.

कर्जाऐवजी भागीदारी

९ मार्च १९३३ च्या आणीबाणीच्या बँकिंग कायद्याने महामंडळाला नवा अधिकार दिला: बँकांचे अग्रहक्काचे भाग, म्हणजे प्रेफरन्स शेअर्स, विकत घेण्याचा. शब्द छोटा, पण बदल मुळापासूनचा. कर्ज देणारा रांगेत ठेवीदाराच्या पुढे उभा राहतो. भागधारक ठेवीदाराच्या मागे. कर्जाला मुदत असते. भागभांडवल बँकेतच राहते. सरकार आता बँक बुडण्याचा धोका स्वतः पत्करू लागले.

मे १९३३ मध्ये जोन्स अध्यक्ष झाले. पुढचे वर्षभर त्यांनी जे केले ते त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम, असे मला वाटते, आणि पुस्तकातला हा भाग सर्वांत वाचनीयही आहे. बँकर सरकारी भांडवल घ्यायला तयार नव्हते. घेतले की आपण अशक्त आहोत असे लोक समजतील, ही भीती. सप्टेंबरमध्ये शिकागोला बँकर्सच्या अधिवेशनात जोन्स यांनी त्यांना तोंडावर सुनावले, की सरकारशी भागीदारी करण्यातच तुमचे हित आहे. न्यूयॉर्कच्या बड्या बँकांनीही भाग विकावेत असा आग्रह त्यांनी धरला, कारण धडधाकट बँकाही यादीत आल्या की यादीत असण्याची लाज उरत नाही. २००८ साली अमेरिकी सरकारने नऊ मोठ्या बँकांना एकदमच भांडवल घ्यायला लावले, त्यामागचा विचार हाच होता.

त्यातही एक प्रसंग विशेष. १ जानेवारी १९३४ पासून ठेवींचा विमा सुरू व्हायचा होता, आणि विमा फक्त सुस्थितीतल्या बँकांनाच मिळणार होता. सुमारे दोन हजार बँका त्या कसोटीला उतरत नव्हत्या. त्या वगळल्या असत्या तर वर्षाच्या पहिल्याच दिवशी त्यांच्या दारात रांगा लागल्या असत्या. जोन्स यांनी अर्थखाते सांभाळणाऱ्या हेन्री मॉर्गेनथाऊ यांना गळ घातली: तुम्ही या बँका सुस्थितीत असल्याचा दाखला आज द्या, मी सहा महिन्यांत त्या सुस्थितीत आणतो. दाखला मिळाला, आणि जोन्स यांनी शब्द पाळला. महामंडळाने सहा हजारांहून अधिक बँकांत मिळून एक अब्ज डॉलरवर भांडवल घातले. शिकागोच्या काँटिनेंटल इलिनॉय बँकेत ५ कोटी डॉलर घालून तिचा अध्यक्षही महामंडळानेच बसवला.

आता सावकारी मापाने पाहा. जी बँक आज सुस्थितीत नाही ती आहे असे मानायचे, आणि आपला पैसा सर्वांच्या मागे ठेवायचा, हे कुठल्याही सावकाराच्या पोथीत बसणारे नाही. पुढे हा पैसा बहुतांशी परत आला, म्हणून जोन्स म्हणतात की व्यवहार चोख होता. मला कार्यकारणभाव उलटा दिसतो. पैसा परत येईल की नाही याची आधी खात्री मागितली नाही, म्हणून बँका उभ्या राहिल्या. आणि बँका उभ्या राहिल्या म्हणून पैसा परत आला. १९३२ साली खात्री मागितली होती, आणि बँका पडल्या.

असाच व्यवहार कापसाचा. ऑक्टोबर १९३३ मध्ये कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि तिला पैसा महामंडळाने पुरवला. शेतकऱ्याने कापूस गोदामात ठेवायचा आणि पौंडामागे १० सेंट उचल घ्यायची. बाजारभाव त्याहून वर गेला तर कापूस सोडवून विकायचा. खाली राहिला तर कापूस सरकारजमा करून मोकळे व्हायचे, बाकीची रक्कम कोणी मागायला येणार नाही. याला कर्ज म्हटले, पण हा हमीभाव होता. कापसाच्या भावाची झळ पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला तो वेगळा समजावून सांगायला नको.

युद्धाची खरेदी

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि महामंडळाला युद्धसिद्धतेसाठी नव्या कंपन्या काढण्याची परवानगी मिळाली. रबर, धातू, लष्करी माल यांची एकेक कंपनी, आणि सर्वांत मोठी डिफेन्स प्लांट कॉर्पोरेशन. खासगी कारखानदारांचा प्रश्न साधा होता: युद्धासाठी विमानांचा कारखाना बांधला आणि दोन वर्षांत युद्ध संपले, तर त्या कारखान्याचे काय करायचे? त्यावर महामंडळाने काढलेली तोड अशी, की कारखाना सरकार बांधील, मालकी सरकारची राहील, कंपनीने तो भाड्याने घेऊन चालवायचा. भाडे अनेकदा वर्षाला एक डॉलर. डेट्रॉइटजवळचा फोर्डचा विलो रन येथील बॉम्बर विमानांचा कारखाना असाच उभा राहिला. एकूण सुमारे ७ अब्ज डॉलर अशा कारखान्यांत गेले.

युटा राज्यातला जिनीव्हा पोलाद कारखाना घ्या. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोद्यांना पोलाद जवळ मिळावे म्हणून सुमारे २० कोटी डॉलर खर्चून तो बांधला. १९४६ मध्ये तो युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीला पावणेपाच कोटी डॉलरला विकला गेला. वसुलीच्या मापाने हा सपशेल तोटा. पण गोद्यांना हवे असलेले पोलाद हवे त्या वर्षी मिळाले. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये तर महामंडळाच्या कंपनीने टंगस्टनचे खनिज अव्वाच्या सव्वा भावाने विकत घेतले, ते मुख्यतः जर्मनीला मिळू नये म्हणून. हा खर्च परत येण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या वर्षांत महामंडळाचा सर्वाधिक पैसा खर्च झाला, त्या वर्षांचा हिशेब जोन्स यांच्या मापात बसतच नाही.

जिथे ते माप युद्धात टिकून राहिले, तिथे ते नडले. रबराचेच उदाहरण. अमेरिकेला लागणारे जवळपास सगळे नैसर्गिक रबर मलाया आणि डच ईस्ट इंडीजमधून येई. रबर खरेदीची कंपनी १९४० मध्येच स्थापन झाली होती, पण साठा हळूहळू वाढत राहिला, आणि कृत्रिम रबराचे कारखाने अगदी लहान प्रमाणात सुरू करायचे ठरले. १९४२ च्या सुरुवातीला जपानने ते सगळे प्रदेश घेतले. पुढे घाईघाईने कारखाने उभे राहिले आणि १९४५ पर्यंत कृत्रिम रबराचे उत्पादन वर्षाला सात लाख टनांवर गेले, ही कामगिरी मोठीच. परंतु वाया गेलेल्या दीड वर्षाबद्दल जोन्स यांच्यावर जोरदार टीका झाली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेख लिहिला. त्या पत्राचे मालक होते युजीन मेयर, महामंडळाचे पहिले अध्यक्ष. एप्रिल १९४२ मध्ये एका क्लबच्या मेजवानीत हे दोघे समोरासमोर आले आणि प्रकरण हातघाईवर गेले. पुस्तकात जोन्स या दिरंगाईचा दोष आपल्याकडे घेत नाहीत. मला इथे दोष माणसापेक्षा सवयीचा दिसतो. भाव पाहून, घासाघीस करून खरेदी करणे हा चांगल्या व्यापाऱ्याचा गुण. शत्रू येण्याआधी साठा करायचा असतो तेव्हा तोच गुण महाग पडतो. उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस यांच्याशी त्यांचे जे प्रसिद्ध भांडण झाले, त्याच्या मुळाशीही हाच मतभेद होता.

हिशेबात न आलेली बाजू

वसुलीचे माप आणखी एक गोष्ट झाकते. पैसा कोणाला मिळाला, हे ते सांगतच नाही. चांगले तारण ज्याच्याकडे, कर्ज त्याला. म्हणून मंदीत पैसा आधी बँका आणि रेल्वे यांच्याकडे गेला, आणि युद्धात थोड्या बड्या कंपन्यांकडे. ॲल्युमिनियममध्ये अल्कोआ कंपनीची मक्तेदारी होती, आणि १९४१ साली महामंडळाने नव्या कारखान्यांचा करार तिच्याशीच केला. सिनेटर ट्रूमन यांच्या समितीने या करारावर कडक ताशेरे ओढले. हेच कारखाने सरकारी मालकीचे असल्यामुळे युद्धानंतर त्यांतले बरेचसे रेनॉल्ड्स आणि कायझर या कंपन्यांच्या हाती देता आले आणि मक्तेदारी मोडली. पोलादात उलट झाले. जिनीव्हा सर्वांत मोठ्या पोलाद कंपनीलाच गेला. दोन्ही विक्रींत प्रश्न किमतीइतकाच, किंबहुना अधिक, खरेदीदाराचा होता.

जोन्स यांची बाजूही सांगितली पाहिजे. टेक्सासचा हा पुराणमतवादी व्यापारी रोज सांगत होता की मी सरकारचा पैसा उधळत नाही, परत आणतो, म्हणूनच संसदेने त्यांना मागतील तेवढे अधिकार दिले. सुधारणावादी प्राध्यापकाने हेच मागितले असते तर समाजवाद म्हणून ओरड झाली असती. १९४५ मध्ये रूझवेल्ट यांनी जोन्स यांना काढून वाणिज्य खाते वॉलेस यांना दिले, तेव्हा संसदेने आधी कर्जसंस्था त्या खात्यातून वेगळ्या केल्या आणि मगच नेमणूक मान्य केली. वसुलीची भाषा हे जोन्स यांचे चिलखत होते. अडचण एवढीच, की पुस्तक लिहिताना ते चिलखतालाच शरीर समजले.

महामंडळ मिटवताना

ज्या वर्षी हे पुस्तक निघाले त्याच वर्षी महामंडळाची अब्रू चव्हाट्यावर आली. युद्ध संपले, मंदी परतली नाही, पण महामंडळ चालूच राहिले. मुळात त्याची कर्जे देण्याची मुदत एक वर्षाची होती. ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली. आता कर्ज कोणाला द्यायचे याचे उत्तर कोणाकडेच नव्हते, आणि अशा वेळी उत्तर ओळखीपाळखीने ठरते. पोलादी पत्र्यांची तयार घरे बनवणाऱ्या लस्ट्रॉन कंपनीला पावणेचार कोटी डॉलर दिले गेले आणि १९५० मध्ये ती बुडाली. सिनेटर फुलब्राइट यांच्या उपसमितीने पक्षपात आणि वशिलेबाजी उघड केली. महामंडळातल्या एका माजी अधिकाऱ्याच्या पत्नीला, जी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात काम करत होती, मिळालेला मिंकच्या फरचा महागडा कोट वर्तमानपत्रांनी महिनोन्‌महिने गाजवला. जोन्स यांनी स्वतःच महामंडळ बंद करा असा सल्ला दिला. १९५३ मध्ये त्याची कर्जे देणे थांबवण्याचा कायदा झाला, लहान उद्योगांसाठी वेगळी संस्था निघाली, आणि १९५७ मध्ये महामंडळ कायमचे मिटले.

हे फक्त अमेरिकेचे नाही. आपल्याकडे १९४८ साली भारतीय औद्योगिक वित्त महामंडळ स्थापन झाले, आणि चार-पाच वर्षांतच कर्जवाटपात पक्षपात झाल्याच्या आरोपांवरून सुचेता कृपलानी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. कर्ज देणारी सरकारी संस्था संकटात जन्मते. संकट गेल्यावर ती कोणाची होते, हा प्रश्न दिल्लीतही होता आणि वॉशिंग्टनमध्येही.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारी बँकांसाठी २ लाख ११ हजार कोटी रुपयांच्या भांडवलाची घोषणा झाली, तेव्हा आपल्याकडची चर्चा बव्हंशी एकाच वाक्यात अडकली होती: हा पैसा परत येणार का? हा प्रश्न विचारावाच. पण जोन्स यांचे पुस्तक बारकाईने वाचणाऱ्याने त्याच्या आधी आणखी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हा पैसा रोग्याच्या खऱ्या रोगावर आहे, की कर्जाच्या रोगावर आणखी कर्ज आहे? तो कोणाला मिळाला, आणि त्यांची नावे कधी जाहीर होणार? १९३२ मध्ये नावे ताबडतोब छापल्याने कर्ज घेणाऱ्या बँकांवर संशय वाढला आणि त्या कर्ज घ्यायला कचरू लागल्या, हे खरे. पण १९५१ मध्ये दारे बंद राहिल्याने काय झाले तेही आपण पाहिले. आणि तिसरा प्रश्न, ही व्यवस्था कोणत्या तारखेला बंद होणार? महामंडळाने पन्नास अब्ज डॉलरची पै न्‌ पै लिहून ठेवली. या तीन प्रश्नांसाठी मात्र त्याच्या वहीत रकाना नव्हता, आणि म्हणून जोन्स यांचे पुस्तक त्यांच्या विरोधकांच्या लेखनाबरोबरच वाचायला हवे.